मेंदूज्वर : विषाणूचा घाव आणि शरीराचा प्रतिकार

(संस्थेच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेत वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली तेव्हा मेंदूज्वर हा विषय मी स्वतःहून मागून घेतला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत चांदीपुरा विषाणूची साथ आली. तिच्या बातम्यांनी आपल्या वाशिम जिल्ह्यातील आईवडिलांच्या मनातही धास्ती निर्माण केली आणि ‘हा चांदीपुरा आहे तरी काय?’ असा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात पुन्हापुन्हा विचारला जाऊ लागला. हे झाले निमित्त. विषय निवडण्याचे खरे कारण याहून जुने आहे. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलाला घरी घेऊन जाणारे पालक एक शंका मनात घेऊन जातात. विषाणू गेला, ताप उतरला, तपासण्या बऱ्या आल्या. मग लेकराची बोली, चाल आणि स्वभाव का पालटला? या शंकेचे पुष्कळसे निरसन गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनाने केले आहे. ते आपणांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण त्यावर काही मुलांचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

प्रथम चांदीपुराविषयी. हे नाव कुठल्या परदेशी जंगलाचे नाही. चांदीपुरा हे आपल्याच विदर्भातील, नागपूर जिल्ह्यातील एक गाव. १९६५ साली नागपूर भागात डेंगी व चिकुनगुन्या यांची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू वेगळा केला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी तो केवळ ताप आणणारा एक किरकोळ विषाणू वाटला आणि पुढे कित्येक वर्षे तो फारसा कोणाच्या स्मरणात राहिला नाही. २००३ साली मात्र आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली व त्यांतील १८३ दगावली, तेव्हा शोध घेता घेता हाच विषाणू पुन्हा समोर आला. २००७ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्या शेजारच्या नागपूर विभागात मेंदूज्वराच्या ७८ बालरुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ३९ मुलांत चांदीपुरा निश्चित झाला आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण ४३.६ टक्के होते. २०२४ साली जूनच्या प्रारंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू पावले आणि ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला; हे बहुसंख्य गुजरातमधील होते.

हा विषाणू पसरविणारी वालुमक्षिका, जिला सर्वत्र सँड फ्लाय म्हणतात, ती डासाहूनही लहान असते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर कोपरे, शेणामातीचे ढीग ही तिची वस्तीस्थाने. ती गुणगुणत नाही, त्यामुळे ती चावली हे कळतही नाही. आपल्या सहाही तालुक्यांत अशी घरे आणि असे गोठे आहेत. भिंतीच्या भेगा लिंपून घेणे, गोठा व झोपण्याची जागा यांत अंतर ठेवणे, घरात आतून औषधफवारणी करू देणे आणि पावसाळ्यात मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपविणे हे उपाय साधे आहेत. परंतु फवारणीचे पथक दाराशी आले असता ‘आत नको, बाहेरूनच करा’ असे सांगणारी घरे अद्याप कमी नाहीत. ही माशी तर आतच राहते.

आता या आजाराची चाल पाहा. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते, उलट्या होतात, संध्याकाळी झटके येतात आणि रात्री ते बेशुद्ध होते. कित्येकदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सारे संपते. डोळ्यांना न दिसणारा एक कण एवढ्या थोड्या अवधीत एवढा विध्वंस कसा करतो? विषाणू चेतापेशीत शिरून तिचा नाश करतो, हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच आहे.

आपण बहुतेक सारे शेतकरी कुटुंबांतले आहोत, म्हणून शेतातलाच दाखला देतो. सोयाबीन किंवा तूर भरात आली की रानडुकरे व रोही यांपासून राखण करण्यासाठी आपण रात्री जागलीला माणूस बसवितो. मेंदूमध्येही असे जागले आहेत. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनमधील शास्त्रज्ञ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली या पेशी प्रथम स्पष्टपणे ओळखल्या. एरवी या पेशी आपल्या बारीक शाखा हलवीत आसपासची पाहणी करतात आणि मृत पेशींचा केरकचरा उचलतात. विषाणूची चाहूल लागताच त्या आकार बदलतात व सायटोकाइन नावाची रासायनिक द्रव्ये सोडून रक्तातील इतर संरक्षक पेशींना हाका मारतात. रात्री डुक्कर शेतात शिरले, जागल्याने हाळी दिली आणि पाचपन्नास माणसे काठ्या घेऊन उभ्या पिकातून धावली, तर सकाळी कोणती झाडे डुकराने मोडली आणि कोणती माणसांच्या पायाखाली गेली हे सांगता येत नाही. मेंदूत नेमके हेच घडते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली उंदरांवरील अभ्यासातून दाखवून दिले की, चांदीपुराच्या संसर्गात चेतावल्या गेलेल्या मायक्रोग्लिया पेशींनी सोडलेली द्रव्येही चेतापेशींच्या मृत्यूस कारणीभूत होतात. आपल्या मातीतल्या विषाणूवर आपल्याच देशात झालेले हे काम आहे, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

इतर अवयवांत अशी लढाई झाली तर सूज येते आणि उतरते. पाय सुजला तर तो फुगतो, दुखतो, बरा होतो. मेंदूला ती सवलत नाही. तोंड घट्ट बांधलेल्या लोट्यात हरभरे भिजत घातले तर काय होईल याची कल्पना करा. कवटीच्या बंदिस्त पेटीत मेंदूला फुगण्यास जागा नसते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील जो अडसर एरवी घातक द्रव्ये बाहेर ठेवतो, तो या धुमश्चक्रीत सैल होतो, पाणी आत झिरपते, दाब वाढतो आणि श्वसनाचे नियंत्रण करणारा मेंदूचा खालचा भाग दाबला जातो. पहिल्या दोन दिवसांत जे मृत्यू होतात त्यांत या सुजेचा व थांबविता न आलेल्या झटक्यांचा वाटा मोठा असतो. चांदीपुरावर अद्याप विषाणूनाशक औषध नाही आणि वापरात असलेली लसही नाही. तथापि झटके थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे, रक्तातील साखर व क्षार सांभाळणे आणि मेंदूचा दाब उतरविणे या पाच गोष्टी वेळेवर झाल्या तर मूल वाचू शकते. औषध नाही याचा अर्थ उपाय नाही असा कोणी घेऊ नये.

येथे एका प्रचलित समजुतीविषयी बोलणे भाग आहे. करोनाच्या काळापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घरोघरी पोहोचला. काढे, चूर्णे, पुड्या यांची विक्रीही भरपूर झाली. ‘मेंदूज्वरात प्रतिकारशक्तीच अंगावर उलटते’ हे माझ्या तोंडून ऐकल्यावर आपल्याला वाटेल की ती कमी असलेली बरी. दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत. शरीराचा प्रतिकार ही उजेड कमीजास्त करण्याच्या बटणासारखी एकच वस्तू नसून त्यात अनेक टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. पहिल्या तासांत पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना सावध करतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन यांनी त्याचा शोध लावला. हा पहिला इशारा वेळेवर व पुरेसा झाला तर विषाणू तेथेच अडतो. तो कमी पडला तर विषाणू पसरतो आणि मागाहून येणारी फौज अधिक मोठी व अधिक विध्वंसक ठरते. पॅरिसमधील संशोधकांनी २००६ व २००७ साली दाखविले की, हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर झालेल्या काही बालकांत इंटरफेरॉनच्या या व्यवस्थेतच जन्मजात सूक्ष्म उणीव होती. अन्यथा ती मुले निरोगी होती आणि इतर आजारांशी उत्तम लढत होती.

‘गावातील सगळीच मुले त्याच अंगणात झोपतात, मग आमच्याच मुलाला का?’ असा प्रश्न मातापिता विचारतात आणि बहुधा त्यामागे स्वतःला दोष देण्याची वृत्ती असते. आईने दूध पाजण्यात कसूर केली, ओले कपडे राहू दिले, उन्हात नेले, असे घरातील वडीलधारे बोलून जातात. त्या मातांना मी येथे सांगू इच्छितो की, एकाच विषाणूने शंभर मुलांना गाठले तरी एखाद्याच्याच मेंदूपर्यंत तो पोहोचतो आणि यामागे आपल्या कोणत्याही चुकीपेक्षा शरीररचनेतील असे अदृश्य फरक बहुधा अधिक कारणीभूत असतात.

आता दुसऱ्या अंकाकडे वळतो. शरीराचा प्रतिकार मेंदूवर उलटू शकतो हे ज्ञान वैद्यकशास्त्राला झाले ते बऱ्याच अंशी एका लसीमुळे, आणि ती लस आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना चांगली आठवत असेल. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने! हिमाचलातील कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली ही लस विकसित केली. पिसाळरोगाचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवून, फिनॉलने मारून, त्या मेंदूचेच द्रावण टोचले जाई. तिने असंख्य प्राण वाचविले, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु लस घेणाऱ्या काही थोड्या लोकांना दोन-तीन आठवड्यांत पक्षाघात होई, शुद्ध हरपे, काही दगावत. हा पिसाळरोग नव्हे, हे लवकरच ध्यानात आले. मग होते काय?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी १९३० नंतरच्या दशकात या कोड्याची उकल केली. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचे द्रावण वारंवार टोचले. त्यात कोणताही विषाणू नव्हता. तरीही काही माकडांना पक्षाघात झाला. चेतातंतूंभोवती विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे मायलिनचे आवरण असते. परक्या मेंदूतील मायलिन पाहून शरीराने त्याविरुद्ध शस्त्र परजले आणि ते शस्त्र स्वतःच्या मेंदूतील तशाच आवरणावर चालले. पुढे १९८७ साली थायलंडमधील लसग्रस्त रुग्णांच्या रक्तात मायलिनमधील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि साखळी पूर्ण झाली. आपल्या देशात २००४ च्या अखेरीस त्या लसीचे उत्पादन थांबविण्यात आले. आज दंडावर दिली जाणारी लस पेशींच्या संवर्धनात तयार होते. तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. हे विस्ताराने सांगतो, कारण जुन्या लसीची भीती मनात धरून आजही काही जण कुत्रा चावल्यावर लस टाळतात आणि पिसाळरोग एकदा झाल्यावर त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते.

लसीने जे घडले ते प्रत्यक्ष विषाणूमुळेही घडू शकते. गोवराचेच उदाहरण घ्या. सुमारे हजार रुग्णांमागे एकाला गोवराचे पुरळ उतरत असताना मेंदूचा दाह होतो. अशा रुग्णांच्या मेंदूत बहुधा विषाणू सापडत नाही; सापडतात त्या मायलिनवर तुटून पडलेल्या स्वतःच्याच पेशी. कांजिण्या, फ्लू यांसारख्या अन्य संसर्गांनंतरही एक ते तीन आठवड्यांत असा दाह क्वचित होतो. ‘अंगावर गोवर येऊन गेलेला बरा’ असे म्हणणाऱ्या आजीबाईंना माझी नम्र विनंती आहे की, नवव्या महिन्याची व त्यानंतर दीड वर्षाच्या सुमारास दिली जाणारी, अशा दोन्ही लसी बाळाला मिळाल्या आहेत ना, एवढे त्यांनी पाहावे.

याहून अलीकडचे ज्ञान तर थक्क करणारे आहे. २००७ साली जोसेप दालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका विशिष्ट आजाराचे वर्णन केले. चेतापेशी एकमेकींशी बोलतात ती संदेश स्वीकारणाऱ्या छोट्या दारांमधून. एनएमडीए नावाच्या अशा दारांविरुद्धच या रुग्णांच्या शरीराने प्रतिपिंडे तयार केली होती. परिणामी चांगली शहाणी मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, झोपत नाही, ओरडते, तोंड व हात विचित्र हलवते, पुढे अबोल होते. हर्पिसच्या मेंदूज्वरातून बरी झालेली काही मुले तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बिघडत, तेव्हा विषाणू परतला असे समजले जाई. आता कळले आहे की त्यांपैकी बऱ्याच मुलांत विषाणू परतलेला नसतो. घर कोसळल्यावर आतील भांडीकुंडी रस्त्यावर पडावीत, तसे फुटलेल्या चेतापेशींचे एरवी झाकलेले घटक प्रतिकारव्यवस्थेच्या नजरेस पडतात आणि ती त्यांना परके समजते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात हर्पिसच्या मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांवर लक्ष ठेवले होते. त्यांतील १४ जणांना, म्हणजे चारांतील एकाहून अधिकांना, पुढील काही आठवड्यांत हा दुसरा आजार झाला. जपानी मेंदूज्वरानंतरही असे रुग्ण चीनमध्ये व आपल्या देशात नोंदले गेले आहेत.

महत्त्वाची गोष्ट अशी की हा दुसरा आजार उपचारास दाद देतो. एनएमडीए प्रतिपिंडांच्या ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या अखेरीस ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास रुग्णांची स्थिती चांगली होती आणि उपचार लवकर सुरू होणे हे त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक होते.

हे आपल्या वाशिम जिल्ह्यात कसे घडते ते पाहू. मूल मेंदूज्वरातून वाचते, घरी जाते, हळूहळू ओळखू लागते, जेवू लागते. घरात आनंद होतो, नवस फेडले जातात. आणि तिसऱ्या आठवड्यात ते रात्री किंचाळू लागते, आईला मारते, तोंड वेडेवाकडे करते. रुग्णालयातील आजार तर बरा झाला होता. मग हे ‘बाहेरचे’ असले पाहिजे, असा निष्कर्ष घरचे काढतात. देवऋषी, अंगारे, उतारे यांत तीन-चार आठवडे जातात आणि नेमके तेच आठवडे उपचाराचे असतात. मी या पालकांवर रागावत नाही. सुधारलेले मूल पुन्हा बिघडण्याची शक्यता घरी पाठविताना त्यांना कोणी सांगितलेलीच नसेल, तर त्यांनी दुसरा कोणता अर्थ लावावा? आईला जे ‘हे माझे लेकरूच नव्हे’ असे वाटते, ते तिचे निरीक्षण वैद्यकीयदृष्ट्या अत्यंत मोलाचे आहे. केवळ ते योग्य दाराशी पोहोचले पाहिजे.

एक खुलासा करणे अगत्याचे आहे. ‘प्रतिकारामुळे नुकसान होते तर स्टेरॉइड देऊन तो दाबून टाका’, अशी सूचना नातेवाईकच काय, कधीकधी वैद्यकबंधूही करतात. विज्ञान इतके सरळ नाही. थायलंडमध्ये जपानी मेंदूज्वराच्या रुग्णांना स्टेरॉइड देऊन काळजीपूर्वक चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष १९९२ साली आले आणि लाभ दिसला नाही. मायक्रोग्लिया पेशींना शांत करणारे मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक उंदरांत जपानी मेंदूज्वरावर गुणकारी ठरले होते. परंतु उत्तर प्रदेशात रुग्णांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण निर्णायकपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. विषाणू जिवंत असताना जागल्यालाच झोपविणे धोक्याचे ठरू शकते. उलट गोवर-कांजिण्यांनंतरच्या मायलिनच्या दाहात किंवा प्रतिपिंडांच्या आजारात हेच स्टेरॉइड शिरेतून मोठ्या मात्रेने दिले असता अंथरुणाला खिळलेले मूल चालू लागते. औषध तेच, पण आजाराचा टप्पा वेगळा. तो ओळखण्यासाठी पाठीतील पाण्याची तपासणी, एमआरआय आणि प्रतिपिंडांची चाचणी लागते. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस पांगळा होतो’ हा समज निराधार आहे. योग्य ती खबरदारी घेऊन केलेली ही तपासणी सुरक्षित असते आणि ती नाकारल्यास डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते. हर्पिसच्या मेंदूज्वरावर मात्र ॲसायक्लोव्हिर हे खात्रीचे औषध १९८० नंतरच्या दशकापासून उपलब्ध आहे. म्हणून संशय येताच ते सुरू करतात व अहवालाची वाट नंतर पाहतात.

आता देणगीदारांसमोर थोडे स्पष्ट बोलतो. देणगी देताना मोठ्या यंत्राकडे मन ओढ घेते, कारण यंत्रावर नावाची पाटी शोभते. एमआरआय यंत्राचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु आज ते अकोल्याला, सुमारे ऐंशी किलोमीटरवर उपलब्ध आहे. समृद्धी महामार्गामुळे नागपूरही पूर्वीपेक्षा जवळ आले आहे आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आपल्या वाशिमचाही समावेश आहे. मेंदूज्वराच्या मुलाला पहिल्या दोन तासांत जे लागते ते याहून फार स्वस्त आहे. नाकात फवारावयाचे मिडॅझोलम झटका थांबविते. ते गावपातळीवरील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचले तर अर्ध्या तासाचा झटका पाच मिनिटांत आटोक्यात येऊ शकतो. साखर मोजण्याचे छोटे यंत्र, लहान मुलांच्या मापाचे ऑक्सिजनचे साहित्य, नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची पेटी आणि रुग्णवाहिकेत बालकाची शुश्रूषा जाणणारी एक परिचारिका या वस्तूंवर पाटी बसविता येणार नाही. तरीही माझ्या मते या वर्षीच्या निधीचा पहिला वाटा त्यांना मिळावा.

दुसरा वाटा आजारानंतरच्या काळजीसाठी हवा. वाचलेल्या मुलाचे हातपाय आखडू नयेत म्हणून व्यायामोपचार, वाचा परत यावी म्हणून वाचोपचार, झटक्यांच्या गोळ्या मध्येच बंद पडू नयेत म्हणून पाठपुरावा, या साऱ्यास महिने, कधी वर्षे लागतात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत रोजंदारी बुडवून दर आठवड्याला मूल शहरात आणणे शेतमजूर मातेला परवडत नाही. तिच्या प्रवासाचे भाडे व त्या दिवसाचे जेवण संस्थेने उचलले तर उपचार अर्ध्यावर तुटणार नाहीत. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा, ही प्रार्थना.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी शेवटी एवढेच. ताप आणि त्यासोबत झटका, गुंगी, सतत उलट्या अथवा वागण्यातील बदल दिसला तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मुलाला कुशीवर झोपवा, तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नका. तापासाठी मनाने ॲस्पिरिन देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ते दिल्याने मुलांच्या यकृताला व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. मेंदूज्वरातून बरे होऊन घरी गेलेल्या मुलाला तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, ते उत्तम दिसत असले तरी, दाखवावयास आणा. मधल्या काळात झोप उडाली, बोलणे बिघडले, हातांच्या विचित्र हालचाली दिसल्या तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका. येताना घरी जातेवेळी दिलेला कागद सोबत आणा, आणि शक्य असल्यास त्या हालचालींचे मोबाइलवर चित्रण करून आणा. तपासणीच्या खोलीत मूल शांत असते आणि आई सांगते त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, असे पुष्कळदा घडते. अर्ध्या मिनिटाचे चित्रण तो वाद मिटविते.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवण्याची सूचना अध्यक्ष महोदयांनी केली आहे, तेव्हा येथे थांबतो. ज्यांना सभेत विचारण्यास संकोच वाटेल त्यांनी सभेनंतर अवश्य भेटावे.